थकलेल्या पगाराच्या बदल्यात मिळालेली गावं: पोलंड-लिथुआनियातले तातार मुसलमान

पायपीट (धागाकर्ता):

पोलंडच्या ईशान्य कोपऱ्यात, बेलारूसच्या हद्दीपासून अगदी जवळ, क्रुशिन्यानी नावाचं खेडं आहे. तिथली मशीद अख्खी लाकडी, हिरव्या रंगाची, दर्शनी बाजूला दोन बुटके मनोरे. मनोऱ्यांवर चंद्रकोर नसती तर त्या भागातलं आणखी एक चर्च समजून आपण गाडी पुढे काढली असती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती ज्यांनी बांधली ते सुतार याच मुलखातले, हात चर्च बांधण्यावर बसलेला. त्यांनी त्यांना येत होतं तसं बांधलं. आत गेल्यावर मात्र शंका उरत नाही. जमिनीवर गालिचे, मक्केच्या दिशेच्या भिंतीत मिहराबाचा कोनाडा, बायकांसाठी वेगळी खोली आणि भिंतींवर चौकटींत लावलेल्या कुराणातल्या आयती. या चौकटींना तिथे मुहिर म्हणतात.

युरोपातला इस्लाम म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना एक तर कोर्दोबा-ग्रानादा आठवतं, नाही तर पॅरिस-बर्लिनमधल्या स्थलांतरितांच्या वस्त्या. फार तर बोस्निया. बाल्टिकच्या जवळ सहाशे वर्षांहून जास्त काळ मुसलमान राहत आहेत, आणि तेही सरदार-शिपायांच्या मानाने, हे मला तिथे जाण्याची तयारी करेपर्यंत फक्त पुसटसं माहीत होतं.

थोडक्यात इतिहास. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाचा महाड्यूक विताउतास याने गोल्डन होर्ड या मंगोलांच्या राज्यातले तातार, म्हणजे तुर्की कुळातले मुसलमान, आणून विल्नियस आणि त्राकाईच्या आसपास वसवले. काही लढाईत पकडलेले, काही होर्डमधल्या भाऊबंदकीत हरून आश्रयाला आलेले. करार सोपा होता: जमीन घ्या, बोलावलं की घोडा आणि हत्यार घेऊन हजर व्हा. धर्म बदलायची अट नाही. १४१० साली ग्रुनवाल्डला ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन धर्मयोद्ध्यांचा पराभव झाला त्या लढाईत होर्डचा माजी खान तोख्तामिश याचा मुलगा जलालुद्दीन याचे स्वार विताउतासच्या बाजूने होते.

आता क्रुशिन्यानीकडे. तिथे पर्यटकांना जी गोष्ट हमखास ऐकायला मिळते ती अशी: १६८३ मध्ये तुर्कांविरुद्धच्या पार्कानीच्या लढाईत सामुएल मुर्झा क्षेचोव्स्की या तातार अधिकाऱ्याने पोलंड-लिथुआनियाच्या संयुक्त राज्याचा राजा यान सोबिएस्की याचा जीव वाचवला, आणि राजाने खूश होऊन गाव इनाम दिलं. गोष्ट छान आहे, फक्त सनद १६७९ ची आहे. म्हणजे जीव वाचवायच्या चार वर्षं आधीच गाव दिलेलं होतं! खरं कारण रोकडं आहे. खजिन्यात पैसे नव्हते, तातार पथकांचा पगार थकला होता, म्हणून राजाने क्रुशिन्यानी, बोहोनिकी वगैरे गावांतल्या जमिनी त्यांना तोडून दिल्या. मला ही दुसरी कहाणी जास्त आवडते. कृतज्ञ राजा प्रत्येक देशात सापडतो. थकबाकी जमिनीत फेडणारा, आणि त्यातून साडेतीनशे वर्षं टिकलेली वस्ती, हे तितकं सापडत नाही.

बोहोनिकीची मशीद आणखी लहान. १८७३ च्या सुमाराची, बाहेरून एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारासारखी. गावाबाहेर झाडांमधली टेकडी म्हणजे मिझार, त्यांचं कब्रस्तान. थडग्यांच्या दगडांवर वर अरबी कलमा आणि चंद्रकोर, खाली पोलिश नाव, जुन्या दगडांवर कुठे कुठे रशियन लिपी. आडनावं बोग्दानोविच, अलेक्सांद्रोविच अशी, नावं मुस्तफा किंवा एलियास.

दोन्ही गावं बियावीस्तोक शहरातून गाडीने सहज होतात. बस आहे पण तिच्या भरवशावर राहू नका. २०१२ पासून दोन्ही मशिदी आणि मिझार पोलंडच्या राष्ट्रीय स्मारकांच्या यादीत आहेत. आतून बघायच्या तर आधी वेळ विचारून जा, आणि शुक्रवारी दुपारी फोटो काढायला घुसू नका. ही चालू मशीद आहे, संग्रहालय नव्हे.

लिथुआनियाबद्दल प्रतिसादांत लिहितो.

घाटमाथा:

वाचनखूण साठवली! दोन वर्षांमागे ऑफिसच्या कामाने विल्नियसला होतो तेव्हा त्राकाईचा तळ्यातला किल्ला पाहिला. तिथे किबिनाय नावाची करंजी खाल्ली, आत मटण. आमच्या वाटाड्याने हा तातार मुसलमानांचा पदार्थ असं सांगितलं होतं. म्हणजे तुमचे तातार ते हेच का?

शब्दवेडी:

घाटमाथा, नाही. किबिनाय कराईम लोकांचे. ही गल्लत तिकडे सर्रास होते, कारण दोघांनाही विताउतासनेच क्रिमियाच्या बाजूने आणून त्राकाईत बसवलं आणि दोघांची मूळ भाषा तुर्की कुळातली. पण कराईम मुसलमान नाहीत. ते हिब्रू बायबल मानतात, तालमुद हा ज्यूंचा नंतरचा धर्मग्रंथ मानत नाहीत, त्यांच्या प्रार्थनागृहाला केनेसा म्हणतात. त्राकाईच्या मुख्य रस्त्यावर लाकडी घरांची तीन खिडक्या असलेली बाजू रस्त्याकडे आहे ना, ती कराईमांची घरं.

गंमत म्हणजे कराईमांनी भाषा बरीच उशिरापर्यंत जपली, आणि तातारांनी सोळाव्या शतकातच सोडली. तातार शिपाई एकटे आले, इथल्या बायकांशी लग्नं केली, घरात आईची भाषा राहिली. धर्म बापाचा, बोली आईची.

पायपीट:

शब्दवेडी, आभार, हे मूळ लेखातच यायला हवं इतकं नेमकं आहे.

लिथुआनियात तातारांच्या चार मशिदी उभ्या आहेत. विल्नियसच्या अगदी वेशीवर नेमेझिसची (१९०९), तिथून फार लांब नाही ती केतुरियासदेशिम्त तोतोरियू या गावची (१८१५), अलितुसजवळ राइझियाईची (१८८९), आणि कौनासची. पहिल्या तीन लाकडी. कौनासची तेवढी विटांची, घुमट-मिनारवाली. ती १९३० मध्ये विताउतासच्या पाचशेव्या पुण्यतिथीनिमित्त बांधायला घेतली आणि आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. कॅथलिक राज्यकर्त्याच्या नावाची मशीद जगात दुसरीकडे कुठे असेल तर मला जरूर सांगा.

खुद्द विल्नियसमध्ये लुकिश्केस भागात जुनी लाकडी मशीद होती. १९६८ मध्ये सोव्हिएत राजवटीत ती पाडली. कौनासच्या मशिदीचं त्या काळात गोदाम झालं. सगळ्या लिथुआनियात नमाज चालू राहिला तो एकट्या राइझियाईच्या मशिदीत. तिथला लाकडी मिंबर (इमामाचं प्रवचनाचं आसन) १६८६ चा आहे, म्हणजे मशिदीपेक्षा दोनशे वर्षांनी जुना. दुसऱ्या एका गावच्या मशिदीतून आणलेला.

टोपणनाव_नाही:

यादीत केदाइनियाईचा मिनार कसा नाही? शहराच्या बागेत चांगला उंच उभा आहे.

पायपीट:

मुद्दाम नाही घेतला. तो मिनार रशियाच्या जनरल तोत्लेबेन याने १८८० च्या सुमारास आपल्या बागेत हौसेने उभारला, १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धाची आठवण म्हणून. शेजारी मशीद कधीच नव्हती. ज्यांना हरवलं त्यांच्या वास्तूची प्रतिकृती बागेत लावणं हा वारसा खरा, पण मुसलमानांचा नव्हे.

त्याच युद्धाचं खरं चिन्ह बघायचं तर लाटव्हियात त्सेसिसला जा. तिथे आणलेले तुर्की युद्धकैदी आजाराने मेले, त्यांचं छोटं कब्रस्तान आहे.

सरंजामी:

लेख आवडला, पण सोबिएस्कीने पगाराऐवजी जमिनी दिल्या एवढ्यावर थांबलात. त्याआधीचं १६७२ चं प्रकरण सांगितल्याशिवाय १६७९ समजत नाही.

१६७२ मध्ये पोलंडच्या दक्षिण भागातल्या तातार पथकांनी बंड केलं आणि सरळ उस्मानी सुलतानाच्या बाजूला गेले. नेता अलेक्सांदर क्रिचिन्स्की. कारणं दोन: पगार वर्षानुवर्षं थकलेले, आणि संसदेने त्यांच्या जुन्या हक्कांना व धर्माला कात्री लावायला सुरुवात केलेली. तुर्कांच्या राज्यात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिथे त्यांना पोलंडसारखी सरदारकीची मोकळीक नाही. मग परतीची बोलणी सुरू झाली. सोबिएस्कीने माफी दिली, हक्क पूर्ववत केले, आणि मग जमिनी. म्हणजे १६७९ ची सनद ही निव्वळ थकबाकी नाही, पुन्हा फुटू नका यासाठी केलेला बंदोबस्त आहे. आपल्याकडे सरंजाम आणि वतनांच्या राजकारणावर ज्यांनी वाचलंय त्यांना हे अजिबात नवं वाटणार नाही. पगार नाही दिला की पथकं पलीकडे जातात, हा नियम भीमेकाठी आणि नेमानकाठी सारखाच.

१६८३ ला व्हिएन्नापुढे दोन्ही बाजूंना तातार होते. सुलतानाकडून क्रिमियाचे, सोबिएस्कीकडून इथले. आपला कोण हे कळावं म्हणून इथल्यांनी डोक्यावर गवताच्या काड्या खोचल्या होत्या असं सांगतात.

अवांतर: सोबिएस्कीची राजा म्हणून निवड मे १६७४ मध्ये झाली. जून १६७४ मध्ये इकडे रायगडावर राज्याभिषेक. संबंध काही नाही, पण तारखा शेजारी ठेवून बघायला मजा येते.

मोडीवाचक:

या लोकांच्या हस्तलिखितांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

तातारांची तुर्की बोली गेली, पण अरबी लिपी राहिली, कारण कुराण वाचायला ती लागतच होती. मग त्यांनी बेलारूसी आणि पोलिश भाषा अरबी लिपीत लिहायला घेतली. पैगंबरांच्या कथा, नमाजाचे नियम, नवस-ताईत, स्वप्नांचे अर्थ, सगळं एकत्र बांधलेल्या जाड वह्या. त्यांना किताब म्हणतात. लहान प्रार्थना-पुस्तक म्हणजे खमाइल, आणि कुराणाच्या ओळींखाली तिरप्या ओळींत पोलिश-बेलारूसी अर्थ लिहिलेले ते तफसीर.

अडचण अशी की स्लाव भाषांतले दोन उच्चार अरबीत नाहीतच: आपल्या 'चमचा'मधला च आणि 'जाड'मधला ज. त्यांनी साद आणि दाल या अक्षरांखाली तीन ठिपके देऊन नवी अक्षरं बनवली. ती दोन्ही अक्षरं आता युनिकोडमध्ये आहेत! शिवाय अरबी लिपीत जेर-जबर ही स्वरचिन्हं लावून लिहिल्यामुळे स्वर स्पष्ट कळतात, आणि चर्चच्या पोथ्यांतली ठोकळेबाज भाषा नसून घरातली बोली असल्यामुळे बेलारूसी भाषेचा इतिहास लिहिणारे आज या मशिदीतल्या वह्या वाचतात. इवान लुत्स्केविच या संशोधकाला १९१५ मध्ये असाच एक किताब वर उल्लेख आलेल्या केतुरियासदेशिम्त तोतोरियू गावात सापडला.

आडवाट:

सगळं गोड चाललंय म्हणून एक खडा टाकतो. 'पाहा, इथे सहाशे वर्षं सगळे गुण्यागोविंदाने राहतात' हे पर्यटन खात्याचं आवडतं वाक्य असतं. २०१० मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स क्रुशिन्यानीला येऊन गेले, फोटो निघाले. आणि २०१४ मध्ये त्याच मशिदीच्या भिंतीवर कुणी तरी रात्री डुकराचं चित्र रंगवून गेलं, मिझारमधल्या थडग्यांचीही विटंबना झाली. लेखात हेही यायला हवं. आणि पोलंडमध्ये तातार उरलेत तरी किती? जेमतेम दोन हजार. इतक्या लहान समाजाला शोकेसमध्ये ठेवणं सोपं असतं.

पायपीट:

२०१४ ची घटना खरी आहे आणि यायला हवी, मान्य. पण शोकेस हा शब्द मला पटत नाही.

२०२१ च्या हिवाळ्यात बेलारूसच्या सरहद्दीवरच्या जंगलात इराक, सीरिया, येमेनमधून आलेले लोक अडकले, थंडीने आणि नदीत बुडून मेले. ज्यांचे देह मायदेशी नेता आले नाहीत त्यांना कुठे पुरायचं हा प्रश्न आला तेव्हा बोहोनिकीच्या तातारांनी आपल्या मिझारमध्ये जागा दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बुग नदीत बुडालेल्या एका एकोणीस वर्षांच्या सीरियन मुलाचा दफनविधी त्यांच्या इमामाने केला. त्याच दिवसांत हेच गावकरी सरहद्दीवरच्या पोलिश जवानांसाठी सूप शिजवून पाठवत होते. यावर दोन्हीकडून बोल लावता येतील, आणि लावलेही गेले. पण शोकेसमधल्या वस्तूंना असा पेच पडत नाही. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्या सैन्यात चाकरी केली ते सैन्य (१९३९ पर्यंत पोलिश घोडदळाच्या १३ व्या उलान रेजिमेंटमध्ये तातारांची वेगळी तुकडी होती), आणि दुसरीकडे दाराशी मेलेला आपल्या धर्माचा परका पोर. त्यांनी दोन्ही केलं.

सरंजामी:

+१. याला म्हणतात उत्तर.

हेलसिंकीतला नाना:

फिनलंडमधून सलाम. आमच्याकडेही तातार आहेत, पण त्यांची कूळकथा पूर्ण वेगळी, म्हणून लिहितो.

हे शिपाई नव्हेत, फेरीवाले. रशियातल्या निझनी नोवगोरोद प्रांतातल्या सेर्गाच भागातली मिशार तातार खेडी. जमीन कमी, म्हणून शेतीची कामं उरकली की पुरुष माणसं कापड आणि फर पाठीवर टाकून पीटर्सबर्गला आणि तिथून १८७० नंतर फिनलंडला येऊ लागली. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारकडेच होतं. पुढे क्रांती झाली, परतीचे रस्ते बंद झाले, मग बायकामुलं इकडे आणली. १९२५ मध्ये त्यांची धार्मिक संस्था अधिकृतपणे नोंदली गेली. आज सभासद सहाशे-सातशे. हेलसिंकीत फ्रेड्रिकिनकातूवर त्यांची इमारत आहे. बाहेरून बघाल तर ऑफिसच वाटेल. यार्वेनपाला १९४० च्या दशकातली छोटी लाकडी मशीद आहे.

शब्दवेडींनी वर लिहिलंय की लिथुआनियातल्यांनी भाषा सोडली. इथल्यांनी नाही सोडली. कारणही तेच उलटं करून: हे कुटुंबं घेऊन आले आणि आपसांत लग्नं केली. माझ्या ओळखीच्या एका आजी फिनिश, तातार आणि स्वीडिश एका दमात बोलतात. आता नातवंडांचं काय होईल ते त्यांनाही माहीत नाही, कारण सातशे माणसांत स्थळं किती मिळणार!

आणखी एक जागा: ओलांद बेटांवर बोमारसुंडचा मोडका किल्ला आहे, १८५४ मध्ये ब्रिटिश-फ्रेंच तोफांनी उडवलेला. शेजारच्या प्रेस्तो बेटावर रशियन शिबंदीची कब्रस्तानं धर्मानुसार वेगवेगळी आहेत, त्यात एक मुसलमान शिपायांचं. उन्हाळ्यात सायकलने जाण्यासारखं.

उपासवाली:

सगळं वाचलं. आता मुद्द्याचं विचारते. शाकाहारी माणसाने क्रुशिन्यानीत खायचं काय?

पायपीट:

उपासवाली, पेरेकाचेव्निक मागा. कणकेच्या सहा पातळ पाऱ्या, प्रत्येकीला लोणी, त्यावर सारण, मग सगळ्याची गुंडाळी करून गोगलगायीसारखी वळवून भट्टीत. नेहमीचं सारण मांसाचं, पण ताज्या चीजचं आणि गोडही करतात. २००९ पासून युरोपीय संघाच्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत आहे. आधी सांगून ठेवावं लागतं, कारण ताजं करायला वेळ जातो. कोल्दुनींच्या वाटेला जाऊ नका, त्यात मटणच. लिथुआनियात शिमतालापिस म्हणून खसखशीचा थरांचा गोड प्रकार मिळतो, तो निर्धास्त खा.

घाटमाथा:

बेलारूसमध्ये काही उरलंय का? आणि सेंट पीटर्सबर्गची निळी मशीद या यादीत का नाही, ती तर सगळ्यांत भव्य.

मोडीवाचक:

बेलारूसचं मी सांगतो, तिथे काम केलंय. इव्ये नावाचं गाव आहे, तिथली मशीद १८८४ ची, आणि जमीनदारीण झामोयस्का या कॅथलिक बाईंनी त्यासाठी मदत केली होती. पण इव्ये बेलारूसभर प्रसिद्ध आहे ते टोमॅटोसाठी! तिथले तातार पिढीजात माळी. काचघरांत टोमॅटो-काकडी काढून पार लांबच्या बाजारांत नेतात. शिपाईगिरी संपल्यावर जमिनीचा तुकडा हाती होता, त्यात भाजीपाला. गावात टोमॅटोचा पुतळासुद्धा आहे. नोवोग्रुदोकला १८५५ ची मशीद आहे. मिन्स्कची जुनी मशीद १९६२ मध्ये पाडली. तिच्या धर्तीवर नवी बांधली ती २०१६ मध्ये उघडली. सध्या पोलंड-लिथुआनियाकडून बेलारूसमध्ये जमिनीवरून जाण्याचा भरवसा धरू नका, नाकी कधी बंद होतील सांगता येत नाही.

पायपीट:

पीटर्सबर्गबद्दल. मशीद देखणी आहे यात वाद नाही. समरकंदच्या गूर-ए-अमीरवरून घेतलेला निळा घुमट, बुखाराच्या अमीराचा पैसा, १९१३ मध्ये उद्घाटन, पुढे सोव्हिएत काळात गोदाम आणि १९५६ मध्ये इंडोनेशियाचे सुकार्नो येऊन गेल्यावर पुन्हा उघडली. पण ती साम्राज्याच्या राजधानीने आपल्या मुसलमान प्रजेला दिलेली दर्शनी वास्तू आहे. समरकंदहून घुमटाचा नमुना येतो, बुखाराहून पैसा येतो, आणि मागे गाव असं नाही. या धाग्यात मला ती गावं हवी होती ज्यांच्याकडे एक सनद, एक टेकडी आणि एक सुतार एवढंच भांडवल होतं.

उपासवाली:

बरं, पुढच्या उन्हाळ्यात विल्नियसला चार दिवस आहे. एकच ठिकाण जमणार असेल तर?

पायपीट:

मग क्रुशिन्यानी सोडा, चार दिवसांत हद्द ओलांडून जाण्यात अर्थ नाही. नेमेझिस विल्नियसला लागूनच आहे, ते अर्ध्या दिवसात होतं. पण एकच म्हणाल तर राइझियाई. गाडी भाड्याने घ्या, अलितुसमार्गे जा, आणि मशिदीची किल्ली कुणाकडे असते ते निघण्याआधी फोन करून विचारा. गाव लहान आहे, कुलूप असेल तर मिंबर न बघताच परत यावं लागेल. येताना त्राकाईला थांबून किबिनाय खा, चीजचे मिळतात. फक्त तातारांचे म्हणून खाऊ नका, शब्दवेडी रागावतील.

शब्दवेडी:

रागावणारच.